पद्मिनीला फ्यूएल इंजेक्शन बसवताना वायरिंग कसं करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांनी घेतलेली १९८६ची प्रीमियर पद्मिनी, इंजिन मूळचंच १०८९ सीसीचं, डायनॅमोही (इंजिनच्या जोरावर वीज बनवणारं यंत्र) मूळचाच. कार्बोरेटर काढून त्या जागी एका इंजेक्टरचं (पेट्रोल फवारणाऱ्या झडपेचं) थ्रॉटल बॉडी किट बसवलं आहे. चावी फिरवली की पंप गुणगुणतो, पण सेल्फ मारताना इंजिन पकडत नाही. चावी सोडता सोडता मात्र कधी कधी सुरू होतं. रात्री पावसात हेडलाइट, वायपर चालू ठेवून सिग्नलला थांबलं की गाडी बंद पडते. आणि आयडलिंगला असताना किटच्या स्क्रीनवर मध्येच ६००० आरपीएम उमटतात. गॅरेजवाल्यांनी सांगितलं, ईसीयू (इंजेक्शन चालवणारा संगणक) गेला, नवा मागवा.

नवा मागवू नका. ऑटो इलेक्ट्रिकचं काम करत मला तीस वर्षं होऊन गेली, त्यातली बरीच जुन्या गाड्यांना इंजेक्शन बसवण्यात गेली. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं मी अनेकदा पाहिली आहेत आणि तिन्हींचं मूळ वायरिंगमध्ये सापडलं आहे. नवा ईसीयू याच वायरिंगला जोडलात तर तोही असाच वागेल.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. कार्बोरेटरला व्होल्टशी काही देणंघेणं नव्हतं. पॉइंट आणि कॉइल नऊ व्होल्टवरही ठिणगी देतात, पेट्रोलचा पंप कॅमवर चालतो, दिवे मंद झाले तरी गाडी घरी पोचते. चाळीस वर्षांच्या वायरिंगमध्ये कुठे अर्धा व्होल्ट, कुठे एक व्होल्ट गळत असतो आणि ते कुणाला कळतही नाही. इंजेक्शनमध्ये मात्र ईसीयू हे मोजमाप करणारं यंत्र आहे. थ्रॉटल किती उघडलं, पाणी किती तापलं, मॅनिफोल्डमध्ये दाब किती, हे सगळं तो पाच व्होल्टच्या आतल्या बारीक फरकांवरून ओळखतो. त्याच्या अर्थिंगमध्ये पाव व्होल्टाची गडबड झाली तरी त्याला इंजिन थंड असल्यासारखं किंवा थ्रॉटल दाबल्यासारखं वाटतं, आणि तो त्याप्रमाणे पेट्रोल देतो.

म्हणून माझा नियम: किटचं वायरिंग गाडीच्या जुन्या वायरिंगमध्ये मिसळायचं नाही. शेजारून स्वतंत्र हार्नेस (वायरींचा जुडगा) टाकायचा आणि जुन्या वायरिंगला तो दोन-तीन ठिकाणीच भेटेल असं बघायचं. कारखान्यांनीही सुरुवातीपासून हेच केलं. १९६७मध्ये फोक्सवॅगनने बॉशचं डी-जेट्रॉनिक इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन १६००च्या गाडीत आणलं, तेव्हा त्याला मुख्य रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि पंपाचा रिले वेगळाच दिला होता. शिवाय तुमच्या गाडीचा मूळ हार्नेस कापून खराब करू नये असं मला मनापासून वाटतं. कुर्ल्याच्या कारखान्यातून आता पद्मिनी बाहेर पडणार नाही. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. उद्या कुणाला कार्बोरेटर परत लावावासा वाटला तर ती वाट मोकळी राहू द्या.

आता पहिलं लक्षण. चावी सोडताना इंजिन सुरू होतं, याचा अर्थ सेल्फ मारत असताना ईसीयूला वीजच मिळत नाही. चावीच्या स्विचमध्ये काही टर्मिनल अशी असतात की चावी ‘ऑन’ला असताना त्यांच्यावर १२ व्होल्ट येतात आणि सेल्फच्या जागी गेली की बंद होतात. पंखा, रेडिओ यांच्यासाठी ते ठीक असतं. तुमच्या माणसाने किटची चावीची वायर बहुतेक अशाच टर्मिनलवर जोडली आहे. खात्री करायला मल्टिमीटर त्या वायरवर लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा शून्यावर गेला तर कारण सापडलं. नऊच्या खाली जाऊन थरथरत असेल तर वायर कॉइलच्या प्लसवरून घेतली आहे का ते बघा. काही गाड्यांत कॉइलच्या आधी रेझिस्टर असतो, त्याच्या पुढे पूर्ण १२ व्होल्ट मिळतच नाहीत. कॉइलचं प्लस टर्मिनल ईसीयूसाठी कधीही वापरू नका.

‘ऑन’ आणि सेल्फ, दोन्ही वेळी जिवंत राहणारं टर्मिनल शोधा. नाहीच सापडलं तर दोन डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) वापरा: एक इग्निशनच्या टर्मिनलवरून, एक सेल्फच्या टर्मिनलवरून, दोन्हींची पट्ट्याची टोकं एकत्र करून मुख्य रिलेच्या ८६ नंबरवर (त्याच्या कॉइलचं टर्मिनल) आणि किटच्या चावीच्या वायरवर. डायोड न लावता दोन्ही वायरी नुसत्या जोडल्या, तर चावी ऑन करताच सेल्फ फिरू लागेल. गाडी गिअरमध्ये असली तर ती समोरच्या भिंतीवर जाते.

चावीच्या स्विचवर रिलेच्या कॉइलइतकाच भार ठेवा, तो असतो जेमतेम ०.२ अँपिअर. त्या स्विचच्या पितळी पट्ट्या चाळीस वर्षं घासलेल्या आहेत, त्यांच्यातून पंप आणि इंजेक्टरचा करंट नेणं चुकीचं आहे. जाड प्लस वायर बॅटरीच्या टर्मिनलवरून थेट निघावी. तिथून एक वीत अंतराच्या आत मुख्य फ्यूज, मग रिलेचा ३० नंबर (वीज आत येते ते टर्मिनल), आणि ८७ वरून (वीज बाहेर जाते ते) ईसीयू, इंजेक्टर, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचा हीटर. जुन्या फ्यूजबॉक्समधून काही घेऊ नका. त्यातले पत्र्याची पट्टी असलेले गोळीच्या आकाराचे फ्यूज टोकांना गंजतात, दिसायला चांगले असतात आणि भार आला की व्होल्ट खातात. किटच्या पुस्तकात ईसीयूच्या प्लस आणि मायनसच्या दोन जाड वायरी थेट बॅटरीवर जोडायला सांगितल्या असतील तर तसंच करा, त्या कापून लांबी-रुंदी बदलू नका.

दुसरं लक्षण, रात्री सिग्नलला बंद पडणं. याचा हिशेब कागदावर मांडू. पंप सुमारे पाच अँपिअर, कॉइल तीन-चार, ऑक्सिजन सेन्सरचा हीटर एक-दोन, ईसीयू आणि इंजेक्टर मिळून दोन. म्हणजे नुसतं इंजिन चालू ठेवायलाच बारा अँपिअर लागले. त्यावर लो बीमचे ५५ वॉटचे दोन बल्ब, नऊ-दहा अँपिअर. वायपर तीन. सिग्नलला ब्रेकवर पाय, म्हणजे २१ वॉटचे दोन बल्ब, आणखी साडेतीन. बेरीज अठ्ठावीसच्या आसपास. डायनॅमोची पूर्ण ताकद वीस-पंचवीस अँपिअरच्या घरात असते, तीही इंजिन जोरात फिरत असताना. आयडलिंगला तो जवळजवळ काहीच देत नाही, लाल दिवा लुकलुकतो तो त्यामुळेच. म्हणजे सिग्नलला सगळा भार बॅटरीवर, आणि व्होल्ट साडेअकरापर्यंत उतरतात.

व्होल्ट उतरले की इंजिन का मरतं, हे नीट समजून घ्या, कारण सगळ्या कामाचा गाभा इथे आहे. इंजेक्टर हा एक विजेचा झडप आहे. ईसीयूने हुकूम दिल्यापासून तो प्रत्यक्ष उघडेपर्यंत थोडा वेळ जातो. चौदा व्होल्टवर तो वेळ साधारण एक मिलिसेकंद धरा, साडेअकरावर तो दीडच्या जवळ जातो. आयडलिंगला पूर्ण हुकूमच दोन मिलिसेकंदांचा असला तर चौदा व्होल्टवर एक मिलिसेकंद पेट्रोल मिळत होतं, आता अर्धाच मिळणार. पेट्रोल निम्म्यावर आलं तर कुठलंही इंजिन बंद पडेल. ईसीयूमध्ये याची भरपाई करणारा तक्ता असतो, पण ईसीयू स्वतःच्या पिनवरचे व्होल्ट मोजतो. ईसीयू थेट बॅटरीवर आणि इंजेक्टर मात्र जुन्या फ्यूजबॉक्सवर, असं असेल तर ईसीयूला साडेबारा दिसतात आणि इंजेक्टरला अकराच मिळतात. भरपाई चुकीची होते. म्हणून दोन्हींना एकाच रिलेतून, एकाच ठिकाणाहून वीज द्या. किटमध्ये इंजेक्टरची वीज ईसीयूतूनच जात असेल तर हा भाग आपोआप सुटतो.

यावर पक्का इलाज म्हणजे अल्टरनेटर, वीज बनवणारं नव्या पद्धतीचं यंत्र. डायनॅमोवर इंजेक्शन चालवायचा आग्रह धरू नका, मी तसं काम आता घेतच नाही. मारुती ८०० किंवा ओम्नीचा अल्टरनेटर पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला सहज मिळतो. ब्रॅकेट बनवून घ्यावं लागेल, पुलीची रेषा जुळवावी लागेल. जुना कटआउट (डायनॅमो बॅटरीला जोडणारी-तोडणारी डबी) पूर्ण काढून टाका. त्याचे संपर्क उघडझाप करताना ठिणग्या उडवतात आणि तो गोंगाट ईसीयूपर्यंत जातो. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड वायर टाका, डायनॅमोची जुनी वायर वापरू नका.

अल्टरनेटर बसवल्यावर एक नवीनच गोष्ट समोर येऊ शकते: चावी काढली तरी इंजिन चालूच. चार्जिंगच्या लाल दिव्यातून थोडी वीज उलटी येते आणि ईसीयूची चावीची वायर जिवंत ठेवते. त्या दिव्याच्या वायरीत एक डायोड टाकला की थांबतं. रेडिएटरचा विजेचा पंखाही बंद होताना फिरता फिरता वीज बनवतो आणि असाच खोडसाळपणा करतो, म्हणून पंख्याच्या रिलेचा ३० नंबर थेट बॅटरीवरून घ्या.

अर्थिंगकडे वळतो, कारण यात चुकणारे सर्वांत जास्त. जुन्या गाडीत इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि इंजिन-बॉडी यांना जोडणारी विणलेली पट्टी गंजलेली किंवा गायब असते. माझ्याकडे एक गाडी आली होती, तिची चोकची केबल सेल्फ मारताना गरम होऊन तिचं प्लॅस्टिक वितळत होतं. पट्टी तुटलेली होती आणि सेल्फचा सगळा करंट त्या केबलमधून बॉडीला जात होता. तरीही कार्बोरेटरवर ती गाडी कित्येक वर्षं चालली होती! इंजेक्शन बसवलं त्या दिवशी एक मिनिटही चालली नाही. मी स्वतः दोन दिवस सेन्सर बदलत बसलो होतो, पट्टी बघायला हवी होती ती तिसऱ्या दिवशी बघितली. तेव्हापासून कुठल्याही गाडीत आधी पट्टी बघतो.

बॅटरीच्या मायनसवरून एक जाड केबल इंजिन ब्लॉकला, एक बॉडीला, आणि ब्लॉक-बॉडीमध्ये नवी पट्टी. बोल्टखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, घट्ट करा, मग वरून ग्रीस लावा. ईसीयूचे पॉवरचे अर्थ सगळे एकाच ठिकाणी आणा. सेन्सरच्या अर्थची वायर मात्र ईसीयूच्या त्याच पिनवर परत गेली पाहिजे. ती बॉडीला कुठेही टेकवू नका. गाडीचा तापमानाचा काटा ज्या सेन्सरवर चालतो तोच ईसीयूला जोडण्याचा मोहही टाळा, तो एका वायरचा असतो आणि बॉडीतून अर्थ घेतो. ईसीयूसाठी दोन वायरींचा वेगळा सेन्सर लावा.

तुमच्या पद्मिनीत बॅटरीचा मायनस अर्थ आहे, पण हे वाचून कुणी जुन्या ब्रिटिश गाडीवर काम करणार असेल तर आधी तपासा. काहींमध्ये प्लस अर्थ असतो, आणि उलटा जोडलेला ईसीयू त्याच क्षणी जातो.

तिसरं लक्षण, खोटे ६००० आरपीएम. तुमचं किट कॉइलच्या मायनसवरून आरपीएम वाचतं. पॉइंट उघडतात तेव्हा तिथे काहीशे व्होल्टांचा झटका येतो आणि त्यानंतर लहरी उठतात. झिजलेले पॉइंट उड्या मारतात. ईसीयू प्रत्येक उडीला नवी ठिणगी समजून पेट्रोल टाकतो. त्यात जुन्या प्लग वायरी तांब्याच्या गाभ्याच्या असल्या तर त्या रेडिओच्या अँटेनासारखा गोंगाट फेकतात. आधी प्लग वायरी बदला, रेझिस्टन्स असलेल्या घ्या. प्लगही रेझिस्टर असलेले हवेत. एनजीकेच्या नंबरात ते ‘आर’ अक्षरावरून ओळखू येतात, बीपी६ईएस हा साधा आणि बीपीआर६ईएस हा रेझिस्टरवाला. एवढ्यानेच निम्मा त्रास जातो. मग पॉइंट काढून डिस्ट्रिब्युटरमध्ये हॉल सेन्सरचं, म्हणजे पॉइंटऐवजी चुंबकावर चालणारं, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. त्याची सिग्नलची वायर जाळीच्या आवरणाची घ्या आणि आवरण फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ करा. दोन्ही टोकांना केलं तर त्या आवरणातूनच करंट वाहू लागतो आणि उपाय उलटा पडतो. कुठल्या वायरी कुठून न्यायच्या यातही शिस्त ठेवा: सेन्सरच्या वायरी प्लग वायरी, कॉइल आणि अल्टरनेटर यांच्यापासून दूर, आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात. ईसीयू कॉइलशेजारी स्क्रूने ठोकलेला मी पाहिला आहे, तसं करू नका.

पंपाबद्दल मी कडक आहे, कारण इथे चुकलं तर गाडी जळते. कार्बोरेटरला पेट्रोल अगदी कमी दाबाने येतं. थ्रॉटल बॉडी किटमध्ये तो दाब प्रकारानुसार १ बारपासून ४ बारपर्यंत असतो. जुनी रबरी नळी त्या दाबाला फुटते, आणि आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने तर ती आतून मऊ होते. इंजेक्शनसाठीचीच नळी आणि तिचेच क्लॅम्प वापरा. इंजिनवरचा जुना पंप काढून तिथे झाकणपट्टी लावा. पंपाचा रिले ईसीयूच्याच ताब्यात ठेवा, म्हणजे इंजिन थांबलं की दोन-तीन सेकंदांत पंपही थांबेल. पंप नुसता चावीवर जोडला आणि अपघातात नळी तुटली तर तो गरम इंजिनवर पेट्रोल ओतत राहतो. शिवाय पंपाच्या वायरीत धक्का बसताच वीज तोडणारा इनर्शिया स्विच घाला. स्वस्त असतो.

पंपाची वायर किती जाड घ्यायची? पुढून मागे टाकीपर्यंत पाच मीटर धरा आणि पंप भारात आठ अँपिअर घेतो असं समजा. ०.७५ स्क्वेअर एमएमच्या वायरीत साधारण ०.९ व्होल्ट गळतात, २.५ स्क्वेअर एमएममध्ये पाव व्होल्टाच्या थोडं वर. अर्थची वायरही तेवढीच जाड, मागे बॉडीला न टेकवता पुढे आणलेली बरी. फ्यूज १५ अँपिअरचा.

जोडण्या पीळ देऊन आणि टेप गुंडाळून करू नका. आपल्याकडे पावसाळ्यात ती टेप सुटते, आत हिरवा गंज येतो आणि दिवाळीत गाडी मिसिंग करू लागते. सोल्डरही इंजिनवर नको. सोल्डर वायरीच्या तारांमध्ये वर चढतं, तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्यांनी तिथेच तुटते. चांगल्या पक्कडीने क्रिंप करा, वरून आत गोंद असलेली हीटश्रिंक स्लीव्ह. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला या गोष्टी मिळतात. हार्नेस उभ्या चिरेच्या नालीदार पाइपमध्ये घाला. उभ्या गाडीत उंदीर शिरतात आणि त्यांना बारीक सेन्सरच्या वायरी फार आवडतात.

ऑक्सिजन सेन्सर वाइडबँड असेल, म्हणजे बॉशचा एलएसयू ४.९ सारखा, तर त्याची वायर लांब वाटली म्हणून कापू नका. त्याच्या कनेक्टरमध्ये त्या एका सेन्सरसाठी जुळवलेला रेझिस्टर असतो, तो गेला की मोजमाप चुकतं. आणि सायलेन्सरच्या पाइपात सेन्सर बसवून त्याचं कनेक्शन न देता इंजिन चालवू नका. गरम न झालेल्या सेन्सरवर काजळी बसून तो मरतो.

आरसी बुकाबद्दलही सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२मध्ये गाडीत बदल करण्यावर बंधनं आहेत. इंजिन आणि इंधन तेच असलं तरी आरटीओत आधी विचारून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा.

सगळं जोडल्यावर लगेच चावी फिरवू नका. ईसीयूचा कनेक्टर सोडून ठेवा, फ्यूज एकेक घाला, प्रत्येक पिनवर हवे ते व्होल्ट येतात का बघा. मग ईसीयू जोडा, पंप दोन-तीन सेकंद चालून थांबतो का ऐका, नळ्यांना हात लावून गळती तपासा. जवळ अग्निशामक सिलिंडर हवाच. आणि पुढे कधी पत्र्याचं वेल्डिंग करायचं झालं तर आधी ईसीयूचा कनेक्टर काढा.

आता तुमच्यासाठी. काहीही विकत घेण्याआधी मल्टिमीटरने चार आकडे घ्या. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन टर्मिनलवर किती व्होल्ट राहतात. दहाच्या खाली गेले तर आधी बॅटरी आणि सेल्फ बघा. त्याच वेळी बॅटरीच्या मायनसपासून इंजिन ब्लॉकपर्यंत किती, ०.३च्या आत हवेत. इंजिन चालू असताना बॅटरीच्या मायनसपासून ईसीयूच्या अर्थपर्यंत किती, ०.१ पेक्षा जास्त नकोत. आणि हेडलाइट, वायपर, ब्रेक सगळं लावून आयडलिंगला इंजेक्टरच्या प्लस वायरीवर किती. इंजिन आयडलिंगला टिकत नसेल तर थ्रॉटल जरासं दाबून ठेवा आणि तसं नोंदवा. हे चार आकडे, चावीच्या वायरीचा सेल्फच्या वेळचा आकडा आणि प्लगचा नंबर मला कळवा. कुठली वायर आधी बदलायची ते मग सांगतो.